पार्सर हाताने लिहावा की जनरेटरकडून घ्यावा? मराठी नियमांच्या भाषेसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीतल्या एका आंबा पॅकिंग हाऊससाठी तुम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करताय. कुठल्या मालाला काय दर, बागायतदाराच्या पट्टीतून हमाली आणि गाडीभाडं किती कापायचं, हे नियम हंगामात सारखे बदलतात. त्याच मालकाचं मासळीचं शीतगृह आहे आणि तापमानाचे इशारेही याच सॉफ्टवेअरमधून जायला हवेत. नियम बदलला की तुम्हाला फोन येतो आणि तुम्ही कोड उघडून बसता. म्हणून कारकुनाने मराठीत नियम टाइप करावेत आणि सॉफ्टवेअरने ते वाचावेत, असं तुम्ही ठरवलंय. असा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कोड म्हणजे पार्सर. सहकारी म्हणतो अँटलर घे, म्हणजे भाषेचं व्याकरण (वाक्यरचनेचे नियम) दिलं की पार्सर आपोआप बनवून देणारा जनरेटर. तुम्ही वाचलंय की मोठ्या कंपायलरचे (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पार्सर हातानेच लिहिलेले असतात. मग काय करायचं?

मी कुडाळला राहून बरीच वर्षं अशीच कामं करतोय. पतसंस्थांचे व्याजाचे नियम, काजू कारखान्यांचे प्रतवारीनुसार दर, असल्या गोष्टी. दोन्ही पद्धतींनी पार्सर लिहिलेत आणि दोन्ही प्रकारचे आजही चालू आहेत. तुमच्या बाबतीत मी सांगेन : पार्सर हाताने लिहा, पण त्याआधी व्याकरण जनरेटरकडून तपासून घ्या. या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल सहसा कुणी बोलत नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आधी एक खात्री करून घ्या, की पार्सर लागणारच आहे. तुमचे सगळे नियम ‘जात, वजन इथपासून इथपर्यंत, दर’ एवढ्याच साच्यात बसत असतील तर भाषा कशाला? स्क्रीनवर एक तक्ता द्या, काम झालं. मासेमारीच्या होड्यांवरच्या जीपीएसमधून एनएमईए ०१८३ पद्धतीच्या ओळी येतात, त्या वाचायलाही काही जण व्याकरण लिहायला बसतात. त्या ओळीत स्वल्पविरामाने तोडलेले रकाने असतात आणि शेवटी तारांकनानंतर दोन चिन्हांचा चेकसम (ओळ वाटेत बिघडली नाही ना हे तपासायची खूण). ओळ तोडा, चेकसम जुळवा, पुढे चला. पार्सर लागतो तो एकात एक रचना आली की : कंस, अटीत अट, सूत्रात सूत्र. तुम्ही दिलेल्या नमुन्यात ‘दर * डझन - हमाली * पेट्या’ असं सूत्र आहे आणि अटींना ‘आणि’, ‘किंवा’ जोडलेत, म्हणजे तुम्हाला तो लागणार.

आता मोठ्या प्रकल्पांच्या दाखल्यांबद्दल. जीसीसी या कंपायलरने सी++ भाषेसाठी बायसन या जनरेटरचा पार्सर सोडून हाताने लिहिलेला घेतला तो २००४ च्या ३.४ आवृत्तीत, आणि सी साठी २००६ च्या ४.१ मध्ये. गो भाषेच्या कंपायलरने २०१६ मध्ये १.६ आवृत्तीत याक हा जनरेटर सोडला. रुबी भाषेने २०२४ च्या अखेरीस आलेल्या ३.४ मध्ये प्रिझम हा हाताने लिहिलेला पार्सर मुख्य केला. क्लँग या सी आणि सी++ च्या कंपायलरचा पार्सर पहिल्यापासून हाताने लिहिलेला. दुसऱ्या बाजूला पोस्टग्रेस या डेटाबेसचं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आजही बायसनवर चालतं. एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर लेमन हा स्वतःचाच जनरेटर वापरतं, मात्र त्याचा लेक्सर (मजकुराचे शब्द आणि चिन्हं असे तुकडे, म्हणजे टोकन, करणारा भाग) हाताने लिहिलेला आहे. पायथन भाषेच्या सीपायथन या मुख्य रूपाने २०२० मध्ये, ३.९ आवृत्तीत पार्सर बदलला, पण तोही व्याकरणाच्या फाइलीतूनच तयार होतो. म्हणजे दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. हे दाखले तुमच्यासाठी निर्णायक नाहीत, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. सी++ मध्ये एखादं नाव प्रकाराचं आहे की चलाचं हे मागचा संदर्भ पाहिल्याशिवाय कळतच नाही, आणि ते ओझं बायसनच्या व्याकरणात पेलणं अवघड जातं. तुमच्या भाषेत ही भानगड नाही.

तुमचं कारण दुसरं आहे. तुमचे नियम प्रोग्रॅमर लिहिणार नाही. एप्रिलमध्ये, बाहेर गाडी उभी आणि आत पेट्या मोजल्या जाताहेत अशा वेळी, कारकून तो नियम टाइप करणार. त्याचं काही चुकलं तर सॉफ्टवेअर त्याला काय सांगतं, यावर तुमची सगळी मेहनत उभी राहते किंवा पडते. पोस्टग्रेसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ‘सिंटॅक्स एरर ॲट ऑर निअर’ ही ओळ ओळखीची आहे. प्रोग्रॅमर त्यावरून समजून घेतो, कारकून फोन उचलतो.

हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये प्रत्येक रचनेचं एक फंक्शन असतं, आणि आपण आत्ता कशाच्या आत आहोत हे त्या फंक्शनला माहीत असतं. ‘जर’ कुठल्या ओळीवर उघडला ते त्याच्या हाताशी असतं. त्यामुळे ‘चौथ्या ओळीतल्या ‘जर’ला ‘तर’ सापडला नाही, पाचवी ओळ नवीन नियम दिसतोय’ असं सांगणं म्हणजे एक साधी अट लिहिण्याचं काम. जनरेटरमध्ये हे अशक्य नाही, बायसन आणि अँटलर दोन्हीकडे सोयी आहेत, पण तिथे तुम्ही दुसऱ्याच्या यंत्रणेच्या फटींतून संदेश बसवत राहता. चूक सापडल्यावर पुढे कसं जायचं हेही हाताने सोपं पडतं. ओळ संपेपर्यंत किंवा पुढचा ‘जर’ येईपर्यंत सगळं सोडून द्या आणि तिथून पुन्हा वाचायला लागा, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या चुका एकदम दाखवता येतात.

देवनागरीमुळे यात आणखी भर पडते, आणि इथे तयार हत्यारं खरोखर कमी पडतात. चूक कितव्या अक्षरावर आहे हे सांगायचा मोह टाळा. ‘हापूस’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबाने तो पाच, कारण काना आणि दीर्घ उकार वेगळे मोजले जातात. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत पंधरा बाइट. फ्लेक्ससारख्या जनरेटरने बनवलेला लेक्सर बाइटवर चालतो, त्यामुळे त्याच्याकडून मिळालेला आकडा कारकुनाच्या काहीच कामाचा नाही. चुकीचा शब्द जसाच्या तसा अवतरणात दाखवा आणि पडद्यावर तो रंगवा.

पायथन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिथल्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रांमध्ये) ‘शब्दातलं अक्षर’ दर्शवणारी खूण मात्रा, काना आणि हलंत यांना अक्षर मानत नाही. तिने ‘नारळ’ तोडायला गेलात तर ‘न’वरच तुटतो. मी लेक्सर नेहमी हाताने लिहितो तो यासाठीच. देवनागरी विभागातलं काय काय नावात चालेल हे मी ठरवतो, ० ते ९ चे मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे आत घेतो, आणि पूर्णविराम व दंड बाहेर ठेवतो.

त्यातच ‘ऱ्या’ येतो. समजा मालकाने ‘दुसऱ्या_प्रतीचा_दर’ असं नाव दिलं. काही कीबोर्ड यातला अर्धा र ‘ऱ’ आणि हलंत यांनी लिहितात, काही साधा ‘र’, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. म्हणून टोकन तयार करतानाच एका रूपात आणा, नाहीतर ‘दुसऱ्या_प्रतीचा_दर माहीत नाही’ असा संदेश येईल आणि समोर तर तेच नाव लिहिलेलं असेल. ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र आपोआप दुरुस्त करू नका. ‘हापुस’ लिहिलं तर ‘हापूस म्हणायचंय का?’ असं विचारा. यात पैशांचा प्रश्न आहे, गुपचूप अंदाज बांधणं योग्य नाही.

आता मुख्य मुद्दा. हाताने लिहिलेल्या पार्सरचं एक मोठं वैगुण्य आहे : व्याकरण संदिग्ध असेल तर तो तुम्हाला सांगत नाही. जी फांदी कोडमध्ये आधी लिहिली ती तो घेतो आणि गप्प बसतो. तुमच्याच शीतगृहाचा नियम घ्या :

जर तापमान -१८ पेक्षा जास्त असेल तर इशारा

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत दोन राशींच्या मध्ये तुलनेचं चिन्ह असतं. मराठीत ‘पेक्षा’ दुसऱ्या राशीच्या नंतर येतं. ‘तापमान’ आणि ‘-१८’ यांच्यामध्ये काहीच नाही. डावीकडून वाचत जाणारा तुमचा पार्सर ‘तापमान’ वाचतो, पुढे उणे चिन्ह बघतो, त्याला वजाबाकी समजतो, आणि ‘तापमान उणे अठरा’ ही एकच राशी करून टाकतो. मग ‘पेक्षा’ येतं आणि तो म्हणतो, दुसरी राशी कुठे आहे? निदान इथे तक्रार तरी होते. ‘आतील -बाहेरील -५ पेक्षा कमी’ असं लिहिलं तर वाक्याचे दोन अर्थ लागतात : आतील उणे बाहेरील हे उणे पाचपेक्षा कमी, किंवा आतील हे उणे बाहेरील उणे पाच यापेक्षा कमी. तुमचा पार्सर यातला एक निवडेल किंवा भलतीच तक्रार करेल. वाक्याला दोन अर्थ आहेत, हे मात्र तो कधीच सांगणार नाही.

हेच व्याकरण बायसनला द्या. तो पार्सरच्या बांधणीच्या वेळीच संघर्ष, म्हणजे एकाच जागी दोन वाटा शक्य, असल्याचा इशारा देतो. २०२० मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून तर प्रतिउदाहरण दाखवायची सोय आहे, म्हणजे कुठल्या वाक्याचे दोन वृक्ष (रचनेच्या दोन आकृत्या) होतात ते तो लिहूनच दाखवतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या एलआर पद्धतीतून हे येतं. ही पद्धत रचना पूर्ण वाचून झाल्यावर, उजव्या टोकाला निर्णय घेते. क्रियापद आणि ‘पेक्षा’ शेवटी येणाऱ्या आपल्या वाक्यरचनेला ती तशी जवळची आहे. वरचं ‘तापमान -१८ पेक्षा’ एवढं वाक्य ती नीट लावू शकते, कारण ‘पेक्षा’ दिसेपर्यंत ती थांबते. हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह पार्सर (एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावत जाणारा) डाव्या टोकाला ठरवून मोकळा होतो, आणि मराठीत डाव्या टोकाला माहिती कमी असते.

लक्षात घ्या, हा फायदा प्रत्येक जनरेटर देत नाही. अँटलर ४ व्याकरण स्वीकारतो आणि संदिग्धता आली तर चालवताना आधी लिहिलेला पर्याय घेतो, बांधताना अडवत नाही. पेग या व्याकरण लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत पर्यायांना क्रमच असतो, त्यामुळे संदिग्धता झाकली जाते, नाहीशी होत नाही. तुमचा सहकारी ‘जनरेटर म्हणजे सुरक्षित’ असं म्हणत असेल तर त्याला हे सांगा. व्याकरण तपासायला बायसन किंवा लेमनसारखा एलआर घराण्यातलाच हवा.

म्हणून माझी पद्धत अशी. भाषेचं व्याकरण मी आधी बायसनच्या फाइलीत लिहितो, नुसतं व्याकरण, आत एकही ओळ कोड नाही. संघर्ष शून्य होईपर्यंत भाषा बदलतो. होय, भाषाच बदलतो. अग्रक्रमाच्या घोषणा (कुठलं चिन्ह आधी हे सांगणाऱ्या ओळी) टाकून इशारे बंद करता येतात, पण त्या घोषणा फक्त गणिती चिन्हांपुरत्या ठेवाव्यात. वरच्या उदाहरणात मी तुलनेत ‘हा, ही, हे’ यापैकी एक शब्द सक्तीचा करेन : ‘तापमान हे -१८ पेक्षा जास्त असेल तर’, ‘दर हा १८०० पेक्षा कमी असेल तर’. लेक्सरने तिघांचं एकच टोकन करायचं, लिंग तपासत बसायचं नाही. दोन राशींच्या मध्ये भिंत आली, संदिग्धता गेली, आणि वाक्य मराठीच राहिलं. तसंच प्रत्येक नियमाची सुरुवात ‘जर’नेच व्हावी ही सक्ती करा. बोलताना आपण ‘जर’ गाळतो, पण पार्सरला पहिल्याच शब्दाला कळलं की हा नियम आहे, तर पुढचं सगळं आणि विशेषतः चुका दाखवणं सोपं होतं. ‘दरातून ५० वजा करा’ अशी विभक्ती लागलेली रूपं मात्र भाषेत घेऊ नका. ‘दर = दर - ५०’ कारकुनाला लगेच समजतं. ‘दरातून’, ‘दराला’, ‘दराने’ ओळखायला गेलात तर पार्सर राहील बाजूला आणि तुम्ही मराठीचं रूपशास्त्र लिहीत बसाल.

व्याकरण स्वच्छ झालं की तेच समोर ठेवून पार्सर हाताने लिहायचा. नियम, अट, कृती यांना एकेक फंक्शन. सूत्रांसाठी संगणकशास्त्रज्ञ व्हॉन प्रॅट यांची १९७३ मधली पद्धत वापरा, तिच्याइतकं छोटं आणि वाचायला सोपं दुसरं काही मला माहीत नाही. प्रत्येक चिन्हाला एक बळ द्या : किंवा १०, आणि २०, तुलना ३०, बेरीज-वजाबाकी ४०, गुणाकार-भागाकार ५०. ‘सूत्र वाच’ हे एकच फंक्शन, त्याला किमान बळ द्यायचं, सुरुवातीला शून्य. ‘दर * डझन - हमाली * पेट्या’ यात ते ‘दर’ वाचतं, पुढे * बघतं. ५० हे शून्याहून जास्त, म्हणून ते चिन्ह घेतं आणि उजवी बाजू वाचायला स्वतःलाच ५० देऊन बोलावतं. आतलं फंक्शन ‘डझन’ वाचतं, पुढे वजाचं ४० बघतं, ते ५० हून जास्त नाही म्हणून परत येतं. दर गुणिले डझन तयार झालं. बाहेरचं फंक्शन आता वजा घेतं, आतल्याला ४० देतं. ते ‘हमाली’ वाचतं, पुढचं * ५० चं आहे, म्हणून ‘पेट्या’ही घेऊनच परततं. कंस दिसला की पुन्हा शून्यापासून. हे सगळं एका पडद्यावर मावतं, आणि नवीन चिन्ह आलं तर तक्त्यात एक ओळ वाढते. कंसांच्या खोलीला मात्र मर्यादा घाला, कारण हे फंक्शन स्वतःलाच बोलावतं आणि कुणी चुकून हजारो कंस चिकटवले तर स्टॅक (फंक्शनच्या हाकांसाठीची मर्यादित मेमरी) संपून सगळं सॉफ्टवेअर बंद पडेल.

एका ठिकाणी मी गणिती शिस्त मुद्दाम मोडतो. ‘जात = हापूस किंवा जात = पायरी आणि वजन > २५०’ असं मालक लिहितो तेव्हा त्याच्या मनात दोन्ही जातींना वजनाची अट असते. वरच्या बळांप्रमाणे ती फक्त पायरीला लागते, आणि हापूसचं बारीक फळही मोठ्याच्या भावाने जातं. म्हणून ‘आणि’ व ‘किंवा’ कंसाशिवाय एकत्र आले की मी नियम नाकारतो आणि ‘इथे कंस घाला’ असं सांगतो, सोबत दोन्ही अर्थ कंस घालून दाखवतो. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये हे अगदी थोड्या ओळींत होतं.

मग जनरेटर प्रत्यक्ष उत्पादनात कधी वापरावा? व्याकरण दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं आणि छापलेलं असेल, उदाहरणार्थ एसक्यूएलचा मोठा भाग तुम्हाला वाचायचा असेल, तर तो नक्की घ्या. शेकडो नियम हाताने उतरवण्यात अर्थ नाही. एकच भाषा सर्व्हरवर जावात आणि मोबाइलवर दुसऱ्या भाषेत वाचायची असेल तर अँटलरचा उपयोग होतो, तेच व्याकरण दोन्हीकडे चालतं. फक्त साधन आणि रनटाइम (तयार पार्सर चालवायला लागणारी लायब्ररी) यांची आवृत्ती एकच ठेवा. भाषा अजून आठवड्याला बदलत असेल तर पहिले काही आठवडे जनरेटरवर काढणंही शहाणपणाचं, कारण फाइलीतली ओळ बदलणं फंक्शन्स हलवण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि हे सॉफ्टवेअर पुढे कोण सांभाळणार हेही बघा. आपल्याकडे शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईला जातो आणि काम नव्याच्या हाती येतं. त्या नव्याला साधी फंक्शन्स वाचता येतात. जनरेटरने ओकलेले तक्ते वाचता येत नाहीत, आणि बिल्डमधली जास्तीची पायरी मोडली तर तो अडून बसतो. तुमच्याकडे याक-बायसन जाणणारं कुणी कायम असेल तर हा मुद्दा गळतो.

बायसनची ती फाइल व्याकरण तपासून झाल्यावर फेकू नका. तिच्यातून एक होकार-नकार देणारा पार्सर तयार करा आणि टेस्टमध्ये ठेवा. मालकाचे खरे नियम, मागच्या हंगामाचे सगळे, आणि मुद्दाम मोडलेले काही, दोन्ही पार्सरमधून काढा. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाकारलं की कुठेतरी फरक आहे. वर सांगितलेली कंसाची सक्ती व्याकरणातही लिहा, म्हणजे तिथे खोटे फरक दिसणार नाहीत. शिवाय वाचलेला नियम पुन्हा मजकुरात छापणारं एक फंक्शन लिहा. छापलेलं परत वाचलं तर तोच वृक्ष यायला हवा. हेच फंक्शन कारकुनाला ‘तुमचा नियम मला असा कळला’ म्हणून सगळे कंस घालून दाखवायलाही वापरता येतं. जतन करण्याआधी तो पडदा दाखवाच. मालक व्याकरण वाचणार नाही, पण आपल्या दराचा कंस कुठे पडलाय ते तो बरोबर ओळखतो.

तुमच्याकडचे उणे चिन्ह असलेले आणि ‘किंवा’ असलेले नियम मालकाच्याच शब्दांत, न सुधारता, इथे टाकलेत तर व्याकरण कुठे अडेल ते मी बघून सांगतो.